जयसिंगच्या खिशातलं नाणं

"सर, हे रानडुक्कर आहे का हो?"

अंतूशेठ पोतदारांनी एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. रविवारची सकाळ होती, साडेदहाचा सुमार, दुकानात अजून गिऱ्हाईक नव्हतं. अंतूशेठ म्हणजे कराडातले जुने चांदीवाले. मी तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो आणि ज्यांच्यावर प्राणी आहेत अशीच नाणी गोळा करायचो. मोडीच्या जुन्या चांदीत एखादं चमत्कारिक नाणं आलं की अंतूशेठ ते माझ्यासाठी बाजूला काढून ठेवत. त्यामुळे दर रविवारी भाजीची पिशवी घेऊन मी आधी त्यांच्या दुकानात आणि मग मंडईत जायचो. आपल्या घरात भाजी नेहमी निवडून उरलेलीच का येते, हे माझ्या बायकोला पक्कं ठाऊक होतं.

नाणं चांगलं मोठं आणि जड होतं. जनावराची पाठ पार गुळगुळीत झाली होती आणि पायांच्या जागी नुसते उंचवटे उरले होते. मी ते दाराच्या उजेडात तिरपं धरलं. तेव्हा नाकाच्या जागी एकामागे एक अशी दोन टेंगळं दिसली आणि माझी कळी खुलली.

"डुक्कर कसलं, शेठ! गेंडा आहे हा. आफ्रिकेतला काळा गेंडा."

"गेंड्याला एकच शिंग असतं ना?"

"आपल्याकडच्याला एक. तिकडच्यांना दोन." आणि मी वर्गात असल्यासारखा सुरू झालो. काळा म्हणतात पण तो काळा नसतो, राखाडी असतो. वरचा ओठ टोकदार असतो, त्याने झुडपांची पानं ओढून खातो. शिंगांपायी लोकांनी त्याला इतका मारला की वीस-पंचवीस वर्षांत पासष्ट हजारांचे जेमतेम अडीच हजार उरले. असे प्राणी वाचवायला पैसा उभा राहावा म्हणून काही देशांनी खास संग्राहकांसाठी नाणी काढली. "हे त्यातलंच. टांझानियाचं, एकोणीसशे चौऱ्याहत्तरचं. माझ्याकडे आहे ना घरी! अगदी कोरं."

"मग ह्याचं साल तुम्ही न वाचताच सांगितलंत."

"वाचून सांगतो की," म्हणून मी नाणं उलटं केलं.

दुसऱ्या बाजूला तिथल्या राष्ट्राध्यक्षांचा चेहरा होता. तो बऱ्यापैकी शाबूत होता. नाक, कान, कपाळावरची आठीसुद्धा दिसत होती. त्याच्या खाली साल असायला हवं होतं. तिथे काहीच नव्हतं. चार आकड्यांची ती जागा पाटीवरून बोट फिरवावं तशी साफ पुसलेली होती.

मी भिंग काढलं. ते माझ्या खिशात कायम असतं.

नाणं झिजतं त्याला एक रीत असते. जे उंच असतं ते आधी जातं. माणसाच्या चेहऱ्यात आधी गाल आणि केस जातात, जनावराच्या अंगात आधी पाठ जाते. साल मात्र खाली, काठाच्या आडोशाला असतं. ते सगळ्यांत शेवटी जातं. इथे सगळं उलटं झालं होतं. उंच नाक जागेवर होतं आणि आडोशाचं साल गेलं होतं. शिवाय भिंगातून तिथे बारीक बारीक ओरखडे दिसत होते, सगळे एकाच दिशेचे, जवळजवळ. ही आपोआप झालेली झीज नव्हती. कुणीतरी तेवढीच जागा धरून घासली होती, आणि एकदा-दोनदा नव्हे, वर्षानुवर्षं.

"शेठ, हे कुणाचं नाणं आहे?"

"तेच सांगायला थांबलोय," अंतूशेठ म्हणाले. "आधी रस्त्यापलीकडे बघा. तुकारामच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर."

पायरीवर एक म्हातारी बसली होती. सत्तरीच्या पुढची, काटक, पदर डोक्यावरून घेतलेला. ती आमच्याकडे बघत नव्हती, पण आमच्या दुकानाच्या दाराला अगदी समोर बसली होती.

"हौसाबाई निकम. कारखान्याच्या वजनकाट्यावर तात्या निकम होते बघा, त्यांची बायको. तात्या गेल्या वर्षी वारले. परवापासून ही बाई रोज सकाळी येते, तिथे बसते, अंधार पडला की जाते. नुसत्या पाण्यावर आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. हौसाबाईंच्या धाकट्या मुलाच्या, उत्तमच्या, मुलीचं लग्न ठरलं होतं. लग्नाआधी देव उजळायचे म्हणून उत्तमने देवघरातले सगळे जुने टाक आणून दिले होते. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव आणि घरातले गेलेले पूर्वज. रोजच्या अंघोळीने त्यांचे नाकडोळे झिजतात, मग सोनार तीच चांदी वितळवून त्यात नवी भर घालतो आणि नवे टाक करून देतो. हे नाणंही त्यांच्यातच होतं. ते थोरल्या भावाचा टाक म्हणून देवघरात बसवलेलं होतं.

"थोरला म्हणजे?"

"जयसिंग. फिटर होता. टांझानियातल्या एका साखर कारखान्यात नोकरी लागली म्हणून गेला. वर्षभरात तिकडे मलेरियाने गेला. तिकडच्याच लोकांनी त्याला अग्नी दिला. चोवीस वर्षांचा पोरगा, लग्नसुद्धा झालं नव्हतं. राखही आली नाही आणि ट्रंकही आली नाही. तात्यांनी मुंबईला तीन खेपा घातल्या. शेवटच्या खेपेला तिकडून आलेल्या कुणा गृहस्थाने त्यांना हे नाणं दिलं. म्हणाला, जयसिंगच्या खिशात एवढंच होतं. तात्यांनी ते घरी आणलं आणि बाईंनी देवात ठेवलं. अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

"मग आता अडलं कुठे?"

"व्याही देवघरात नमस्कार करायला गेले आणि त्यांना त्यात हा परदेशी साहेब दिसला," नाण्यावरच्या चेहऱ्याकडे बोट करून अंतूशेठ म्हणाले. "म्हणाले, हा तुमचा कुठला हो कुळस्वामी? चारचौघांत हसू झालं. उत्तमच्या मनाला लागलं. तो म्हणतो, हे वितळवा आणि ह्याच चांदीत दादाचा रीतसर टाक करा, माणसाच्या आकृतीचा. आईला न विचारता घेऊन आला. आई म्हणते, आहे तस्सं परत दे. नाही तर ह्या घरात अन्नाला शिवणार नाही. तोही हट्टी, तीही हट्टी. आज बारा वाजता तो येतोय. त्याच्यासमोर मुशीत टाकायचं आहे. गिऱ्हाइकासमोरच वितळवायचं, ही आमची रीतच आहे."

"आणि तुम्ही मला हे दाखवलंत ते..."

"तुम्ही प्राध्यापक माणूस. तुम्ही म्हणा, लाखात एक नाणं आहे, वितळवू नका. तुमचं ऐकेल तो. बाई जेवेल तरी."

खरं सांगायचं तर संग्राहकाच्या नजरेने त्या नाण्याची किंमत शून्य होती. झिजलेलं, घासलेलं, रोज चिंचेनं उजळलेलं. नाणं धुणं म्हणजे आमच्यात महापाप. तरी मी ते खोटं बोललोही असतो. पण माझ्या डोक्यात भलताच किडा वळवळत होता. चौकसपणा हा माझा जुना रोग आहे.

"जयसिंग गेला कधी?" मी विचारलं.

"त्र्याहत्तरच्या दिवाळीत. मला पक्कं आठवतं. बातमी आली तेव्हा त्यांच्या दारात आकाशकंदील होता. तात्यांनी तो स्वतः उतरवला."

मी पुन्हा नाण्याकडे बघितलं. मनातल्या मनात वजाबाकी केली. ती दुसरीतल्या मुलालाही आली असती.

"शेठ, हे नाणं चौऱ्याहत्तर साली काढलं. त्याच्या आधी ते जगात नव्हतंच. त्र्याहत्तरच्या दिवाळीत गेलेल्या मुलाच्या खिशात हे येईल कुठून?"

अंतूशेठने हातातला चिमटा हळूच खाली ठेवला.

"मुंबईतल्या एखाद्या नाणीवाल्याकडून घेतलं असणार तात्यांनी," मी म्हणालो. आता माझी गाडी उतारावर लागली होती. "टांझानियाचं नाणं द्या म्हणाले असतील. त्याने हे दिलं. तिसऱ्या खेपेलाही रिकाम्या हातांनी घरी कसं जायचं! मग पुढे कधीतरी सालाची चूक त्यांच्या लक्षात आली. तेव्हा बायकोच्या नकळत त्यांनीच ते घासून घासून काढलं. म्हणून बाकी सगळं आहे आणि साल तेवढं नाही!"

कोडं सुटल्याचा मला इतका आनंद झाला होता की मी जवळजवळ हसतच होतो. अंतूशेठ मात्र रस्त्यापलीकडे बघत होते.

"सर," ते म्हणाले, "ह्या माउलीने बावीस वर्षं रोज ह्याला अंघोळ घातली आहे. लेक समजून. तुम्ही आत्ता जे बोललात, ते ह्या दुकानाबाहेर जाता कामा नये."

माझं हसू जागच्या जागी विरलं. मी मान डोलावली आणि शब्द दिला.

शब्द दिला खरा, पण खात्री करून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. माझी स्मरणशक्ती चुकली असेल तर? त्र्याहत्तरचं असेल तर? मग ते खरोखरच त्याच्या खिशातलं असू शकलं असतं. आणि तसंच असावं असं मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं. मी लूनावर टांग मारली आणि घरी गेलो.

"भाजी?" बायकोने विचारलं.

"नंतर," मी म्हणालो आणि कपाट उघडलं.

"कुठलं जनावर आहे आज?"

"गेंडा."

"मग मंडई बंद व्हायच्या आत त्याला घेऊन जा म्हणजे झालं."

माझं नाणं प्लॅस्टिकच्या गोल डबीत होतं. मी ते उलटं केलं. चेहऱ्याखाली ठसठशीत लिहिलेलं होतं, १९७४. मी डबी खिशात टाकली. वाटेत एक विचार आला. उत्तमला आपलं कोरं नाणं द्यावं, ह्यातून टाक करा म्हणावं, चांदी तेवढीच आहे. आणि जुनं बाईंना परत मिळावं. गेंड्याशिवाय माझा संग्रह अपुरा राहिला असता, पण त्या म्हातारीने जेवायला हवं होतं. दुकानाशी लूना लावली तेव्हा माझा विचार पक्का झाला होता.

बाराला दहा कमी होते. उत्तम निकम माझ्या आधी येऊन पोचला होता. दूध संघात सुपरवायझर, चाळिशीच्या आतबाहेरचा, खिशाला दोन पेनं. अंतूशेठने शेगडी पेटवली होती आणि मूस बाजूला काढून ठेवली होती. मी आत शिरलो आणि माझ्या मागोमाग रस्ता ओलांडून हौसाबाईही आल्या. त्या दारातच, उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"आई, तू घरी जा," उत्तम तिच्याकडे न बघता म्हणाला.

"माझं मला दे, मग जाती."

"तेच तर करतोय. दादाचा चांगला टाक करून देतोय. पुजायला माणूस असावा का जनावर, तूच सांग. लोकं हसाया लागली."

"हसू द्येत की. दात त्येंचं हायत."

अंतूशेठने मला डोळ्यांनी खुणावलं. मी घसा खाकरला.

"उत्तमराव, हे नाणं वितळवू नका. हे... फार दुर्मीळ आहे."

"किती दुर्मीळ?"

"म्हणजे... आफ्रिकेतला काळा गेंडा आता संपत चालला आहे."

"गेंडा संपत चाललाय, का नाणं?"

दूध संघातल्या सुपरवायझरला पाणी घातलेलं लगेच कळतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"हे बघा," मी घाईने म्हणालो, "तुम्हाला चांदी हवी ना? ही माझ्याकडची घ्या. ह्याचा टाक करा आणि ते आईंना परत द्या." आणि मी खिशातली डबी काढून काचेवर ठेवली.

ह्यापेक्षा मोठा गाढवपणा मी आयुष्यात केलेला नाही. ती डबी चेहऱ्याची बाजू वर करून पडली.

उत्तमने ती उचलली. आधी नुसतीच वरवर बघितली. मग जुनं नाणं दुसऱ्या हातात घेऊन दोन्ही शेजारी शेजारी धरली. एक जसंच्या तसं, एक झिजलेलं. माझा हात पुढे झाला, पण तोवर उशीर झाला होता.

"ह्यावर साल हाय," तो म्हणाला. "एकोणीसशे चौऱ्याहत्तर."

त्याने डबी डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा बघितली.

"सर, ही नाणी दरवर्षी निघायची का?"

मला तिथेही खोटं बोलता आलं असतं. वीस वर्षं मी त्या एका क्षणाबद्दल स्वतःला दोष देत आलो आहे. पण विचारलं की खरं उत्तर द्यायचं, ही मास्तरकीची सवय तोंडात मुरलेली होती.

"नाही," मी म्हणालो. "गेंड्याचं त्याच साली निघालं."

"दादा तर त्र्याहत्तरात गेला."

त्याचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग लाल. तो बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता, पण कापत होता. "म्हंजे हे दादाचं न्हवंच. तात्यांनी कुठनं तरी बाजारातनं आणलं आन् आपल्याला फशिवलं. मी शाळेत जाताना रोज ह्याच्या पाया पडायचो. दहावीला बसलो तवा ह्याला सांगून गेलो. आन् हे बाजारातलं!" तो आईकडे वळला. "आई, ऐकलंस? ज्याच्यासाठी तू दोन दिस उपाशी बसलीस ते दादाचं न्हाईच! शेठ, टाका ते मुशीत."

त्याने नाणं अंतूशेठसमोर आपटलं. अंतूशेठने त्याला हात लावला नाही. मी मान वर करून हौसाबाईंकडे बघायचं टाळत होतो. एका आईचा आधार माझ्या डबीने काढून घेतला होता आणि आता ती कोसळेल, रडेल, असं मला वाटत होतं.

"ओरडू नगं," हौसाबाई म्हणाल्या. "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"चौऱ्याहत्तरचं हाय ते."

त्या भिंतीपासून निघून पुढे आल्या आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बैठकीवर बसल्या. उपासाने त्यांना उभं राहवत नव्हतं. अंतूशेठने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या दोन घोट प्यायल्या आणि पदराने तोंड पुसलं.

"नवं होतं तवा समदं दिसत न्हवतं व्हय त्येच्यावर?" त्या मला म्हणाल्या. "मी चौथी शिकलेली हाय. रुपयावरचं आकडं वाचती, एस्टीचं वाचती. ह्येंनी माझ्या हातात ठेवलं, म्हणाले, जयसिंगाच्या खिशातलं हाय. मी उलटं केलं. बगितलं. तिथंच कळलं."

मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. आम्ही दोन शिकलेसवरलेले पुरुष सकाळपासून ह्या बाईपासून साल लपवत होतो, आणि नवंकोरं नाणं पहिल्या दिवशी तिच्याच हातात पडलं होतं, हे आम्हाला सुचलंही नव्हतं!

"मग तू बोलली का न्हाईस?" उत्तमने विचारलं.

"कुणाला बोलू? ह्ये समोर हुबं होतं. मुंबैची तिसरी खेप. पायात फोड आलेलं. पोर जाऊन सव्वा वरीस झालं होतं, मी एक येळ खायची आन् ती बी कशीबशी. ह्ये तर त्येवडं बी खाईनात. मी जेवली का न्हाई बगायचे आन् तसंच उठायचे. नाणं दिलं आन् माझ्या तोंडाकडं बगत राह्यले, मी खरं मानती का न्हाई म्हणून. मी नाणं कपाळाला लावलं. देवात ठेवलं. मग चुलीपशी आली, भाकरी केली, खाल्ली. तवा ह्ये बी बसले जेवाया. तीन भाकऱ्या खाल्ल्या त्या दिशी. त्या दिवाळीपास्नं पैल्यांदा."

दुकानात शेगडीची धग जाणवत होती. कुणी ती विझवायला उठलं नाही.

"रोज सकाळी मी त्येला अंगूळ घालायची आन् ह्ये माझ्या मागं हुबं राहून बगायचे. मी त्येला कुकू लावलं की ह्येंचा जीव भांड्यात पडायचा. आन् एक दिस मी पाणी घेऊन आली तर ह्ये, नाणं हातात घिऊन, दारात हुबं, उनात. गेंडा का काय त्यो, त्येच्यावर बोट फिरवत होते. अजून उलटं केलं न्हवतं. म्हटलं, ह्येंनी आकडं वाचलं तर? आपली चूक ध्येनात आली तर ह्ये माणूस मरंल शरमेनं. म्हणंल, हिला कळलं आसंल का. न्हाई कळलं म्हणून मी किती बी सांगितलं तरी खरं वाटायचं न्हाई."

"म्हणून साल तुम्ही घासलंत," मी म्हणालो.

"दुसऱ्या दिसापास्नं. चिंच लावायची आन् विटंची पूड. आंगठ्यानं. चार आकडं जायाला दोन वर्सं लागली. ह्ये म्हणायचे, किती घासतीस, झिजंल की ते. मी म्हणायची, देव हाय, घासाया लागतोय."

मी त्यांच्या उजव्या अंगठ्याकडे बघितलं. मग नजर खाली घातली. मला स्वतःची लाज वाटली. सकाळी हे कोडं सोडवताना मी किती खूश होतो! झीज ओळखली, ओरखडे ओळखले, दिशा ओळखली, आणि घासणारा हात मात्र चुकीच्या माणसाचा ठरवला. म्हातारी बाई म्हणजे जिला फसवायचं, जिच्यापासून लपवायचं, एवढंच माझ्या डोक्यात आलं होतं.

उत्तम बैठकीच्या कडेला आईशेजारी बसला. त्याने हातातल्या डबीकडे बघितलं. मग ती त्याने मला परत दिली.

"मला तरी सांगायचंस," तो म्हणाला.

"तू तवा सोळाचा. कवातरी बोलून गेला असतास."

"तात्या गेल्यावर सांगायचंस."

"मग तू त्येंना खोटं म्हणाला असतास. आत्ता म्हणालास तसं."

उत्तमने मान खाली घातली. खिशातला रुमाल काढून त्याने उगाचच चष्मा पुसला, पुन्हा घातला. मग तो उठला, अंतूशेठसमोरचं झिजलेलं नाणं उचललं आणि आईच्या ओंजळीत ठेवलं.

"शेठ, बाकीचे टाक करा," तो म्हणाला. "हे ऱ्हाऊ द्या. व्याह्यांना काय म्हणायचं ते म्हणू द्या."

अंतूशेठने मूस उचलून फडताळात ठेवली. हौसाबाईंनी नाणं पदराच्या टोकात बांधलं आणि गाठ नीट ओढून बघितली. उत्तमने त्यांना हात देऊन उठवलं. जाता जाता उंबऱ्याशी तो थांबला. त्याचा स्वभावच काटेकोर होता, कुठलीही गोष्ट अर्धवट सोडणारा तो माणूस नव्हता.

"पण आई, आता हे कुणाचं म्हणून पुजायचं? दादाचं, का तात्यांचं?"

हौसाबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की एवढं साधं ह्याला कळू नये.

"जयसिंगाचं," त्या म्हणाल्या. "त्येच्या खिशातलं हाय म्हणून ह्येंनी सांगितलंय न्हवं."